पैसे मोजणाऱ्याची बाजू सोडताना

क्रिकेटचा सामना पाहायचा असेल तर त्याचे पैसे मोजावेत, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. घरात म्हणालो, मित्रांशी वाद घालताना म्हणालो, चार ठिकाणी लिहिलंही. ज्याला खेळाची आवड आहे त्याने वर्गणी भरावी, ज्याला नाही त्याच्या बिलात ती येऊ नये. आणि ज्या कंपनीने हजारो कोटी मोजून हक्क घेतले, तिच्या हातातलं प्रक्षेपण सरकारने कायदा करून दूरदर्शनला देऊ नये. यातलं पहिलं म्हणणं मला आजही बऱ्याच अंशी पटतं. दुसरं मात्र मी सोडलं आहे. भारताचा संघ खेळत असेल, पुरुषांचा असो की महिलांचा, तर तो सामना या देशात कुणालाही, हाताशी असेल त्या पडद्यावर, वर्गणी न भरता दिसला पाहिजे, असं मला आता वाटतं.

जुनं मत मी उगाच धरलेलं नव्हतं, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

माझ्या पिढीने क्रिकेट पाहिलं ते दूरदर्शनवर. मुख्य कॅमेरा एकाच टोकाला असायचा. एका षटकात फलंदाज समोरून दिसायचा, पुढच्या षटकात यष्टिरक्षकाची पाठ. बातम्यांची वेळ झाली की ऐन रंगात आलेला सामना सोडून बातम्या लागायच्या. तक्रार करून उपयोग नव्हता, कारण दुसरं कुणी दाखवणारच नव्हतं. सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळानेच आपल्याला प्रत्येक सामन्यामागे 5 लाख रुपये द्यावेत, अशी दूरदर्शनची मागणी असे. 1993 मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा मंडळाने हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले आणि आपल्याला पहिल्यांदाच घरचं क्रिकेट दोन्ही टोकांनी नीट पाहायला मिळालं. तो फरक ज्यांनी अनुभवला आहे त्यांना माझं जुनं मत समजेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हीरो चषक झाला. बंगालच्या क्रिकेट संघटनेनेही त्याच कंपनीशी करार केला, दूरदर्शन अडून बसलं, सरकारी परवानग्यांचा प्रश्न आला आणि प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना अझरुद्दीनने चेंडू सचिनच्या हातात दिला आणि सचिनने तीनच धावा दिल्या. ईडन गार्डन्सवरचं ते षटक आपल्यापैकी कितीतरी जणांना पाठ आहे. ते दाखवायचं कुणी आणि कुणाच्या परवानगीने, यावर तेव्हा न्यायालयात भांडण चालू होतं, हे मात्र फार कुणाच्या लक्षात नाही.

भांडणाचा निकाल 9 फेब्रुवारी 1995 रोजी लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले ते हेच सावंत. प्रक्षेपणावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असं त्या निकालाने स्पष्ट केलं. मी तो निकाल कायम याच एका वाक्यात सांगत आलो. दूरदर्शनचं कुलूप तुटलं, बाजार उघडला, आता प्रेक्षक राजा.

बाजार खरोखरच उघडला. 2006 मध्ये निंबस कंपनीने भारतातल्या सामन्यांचे चार वर्षांचे हक्क 61 कोटी 20 लाख डॉलरना घेतले. 2012 मध्ये स्टारने 3,851 कोटी रुपये मोजले, 2018 मध्ये 6,138 कोटी. 2023 ते 2027 या पाच हंगामांसाठी आयपीएलचे हक्क 48,390 कोटींना गेले, म्हणजे एका सामन्यामागे सुमारे 118 कोटी. या पैशाला मी कधीच नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मंडळाने महिला खेळाडूंचं सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं, 2023 मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिचे पाच वर्षांचे हक्क 951 कोटींना विकले गेले. तिजोरी रिकामी असती तर यातलं काहीच घडलं नसतं. कबड्डीचं तर विचारूच नका. लालबाग-परळच्या मैदानांवर, कोकणातल्या अंगणांत वाढलेला खेळ 2014 मध्ये दिव्यांच्या झगमगाटात, रोज रात्री, देशभर दिसू लागला आणि चढाई करणाऱ्या पोराला लिलावात किंमत आली. हे खासगी वाहिनीच्या पैशाने आणि नजरेने घडलं. दूरदर्शनच्या हातात कबड्डी अनेक दशकं होती.

म्हणूनच 2007 चा कायदा मला अन्यायाचा वाटला. त्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतला पहिला एकदिवसीय सामना नागपूरला झाला. सौरव गांगुलीचं एकदिवसीय संघात पुनरागमन, 98 धावांवर तो धावबाद झाला, भारताने 338 धावा केल्या आणि चंदरपॉलच्या नाबाद 149 धावांनी शेवटपर्यंत जीव टांगणीला लावला. असा सामना, पण हक्क निंबसकडे होते आणि ज्यांच्या घरी फक्त दूरदर्शन होतं त्यांना तो दिसला नाही. नागपुरातल्याच कितीतरी घरांना आपल्या गावातला सामना पाहता आला नाही. मग दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटं उशिरा का होईना, पण दूरदर्शनला चित्रण द्यायला लावलं. लगोलग वटहुकूम निघाला आणि त्याचा कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कदाराने प्रसार भारतीला द्यायचं, जाहिरातींचं उत्पन्न किमान 75 टक्के हक्कदाराला, उरलेलं प्रसार भारतीला. तेव्हा मी म्हणत होतो, ज्याने जोखीम घेतली त्याच्या ताटातलं हे काढून घेणं आहे. नागपूरच्या त्या घरांचा विचार माझ्या युक्तिवादात कुठेच नव्हता. मला सगळं दिसत होतं. माझ्याकडे केबल होती.

2019 मध्ये दूरसंचार नियामकाचा नवा दरनियम आला तेव्हा मला वाटलं, आपण म्हणत होतो ते अखेर झालं. 130 रुपये आणि कर एवढं मूळ भाडं, त्यावर हवी ती वाहिनी निवडा, प्रत्येकीची किंमत छापील. खेळाची मुख्य वाहिनी 19 रुपयांना. मला हवं त्याचेच पैसे मी देईन, शेजारच्यांनी त्यांच्या मालिकांचे द्यावेत. याहून न्याय्य काय असणार?

या विश्वासाला पहिला तडा गेला तो 2022 मध्ये, आणि तो कुणाच्या युक्तिवादाने नाही. त्या वर्षी भारताचा संघ कुठे कुठे दिसला ते पाहा. घरचे सामने, आशिया चषक आणि टी-ट्वेंटी विश्वचषक स्टारवर. इंग्लंड, झिंबाब्वे आणि बांगलादेशातले सोनीवर. वेस्ट इंडीजचा दौरा दूरचित्रवाणीवर डीडी स्पोर्ट्सकडे आणि मोबाइलवर फॅनकोडकडे. न्यूझीलंडचा दौरा ॲमेझॉन प्राइमवर. संघ एकच, आणि तो वर्षभर पाहायचा तर इतक्या दारांवर जायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ज्याची वर्गणी भरतोय असं मानत होतो, ती भरतच नव्हतो. ती क्रिकेटची वर्गणी नव्हती. ज्या कंपनीकडे या हंगामापुरते हक्क आहेत तिच्याकडची ती मुदतीची पावती होती. लिलाव कुठल्या तरी खोलीत होतो, बोली बदलते, आणि माझ्या पावतीची किंमत मला न विचारता शून्यावर येते. वस्तूची किंमत वाढली तर मी समजू शकतो. पण विकत घेतलेली वस्तूच दर काही महिन्यांनी दुसऱ्या दुकानात जात असेल, तर “हवं त्याचेच पैसे” या माझ्या लाडक्या तत्त्वाला अर्थ काय उरला?

दुसरा तडा त्याच्या पुढच्या वर्षी. आयपीएलचे मोबाइलवरचे हक्क वायकॉम18 ने 20,500 कोटींना घेतले होते. एवढी रक्कम मोजल्यावर प्रेक्षकांकडून घसघशीत वर्गणी घेतली जाईल असं माझं गणित. झालं उलटं. जिओ सिनेमावर 2023 ची संपूर्ण आयपीएल विनामूल्य, तीही मराठीसह अनेक भाषांत. केदार जाधव त्या हंगामात मराठी समालोचन करत होता आणि तिथूनच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावलं. माझ्या भाषेत, फुकट, इतकं चांगलं समालोचन ऐकताना मला मनापासून आनंद झाला, हे कबूल करतो. मग स्पर्धेपोटी स्टारनेही आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर खुले केले. 19 नोव्हेंबरला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात एका क्षणी 5 कोटी 90 लाख लोक एकाच वेळी पाहत होते. इतके लोक पाहायला तयार आहेत, दार उघडलं तर.

नोव्हेंबर 2024 मध्ये हेच दोन प्रतिस्पर्धी एक झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओ हॉटस्टार आलं आणि मोबाइलसाठी तीन महिन्यांचे 149 रुपये, अशी वर्गणी पुन्हा सुरू झाली. यात बेकायदा काही नाही. व्यापार असाच चालतो. पण माझा समज असा होता की प्रेक्षक जो दर देतो तो प्रक्षेपणाच्या खर्चातून आणि स्पर्धेतून ठरतो. सर्वांत महाग हक्क दोन वर्षं फुकट दाखवता येतात, आणि प्रतिस्पर्धी उरला नाही की त्यालाच दर लागतो, हे डोळ्यांदेखत घडल्यावर तो समज टिकवणं मला जमलं नाही. फुकट पाहिल्याची किंमत दुसरीकडे मोजली जात होती, हेही विसरता कामा नये. त्या दोन वर्षांत पैजेच्या फँटसी ॲपच्या जाहिराती षटकाषटकाला लागत होत्या. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तो पैसा आटला. घराघरांतल्या पोरांनी तोवर त्या जाहिराती तोंडपाठ केल्या होत्या.

आणि आत्या. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी ती राहते, घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. एकदा छत्री विकत घेतली की महिन्याचं काही भरायचं नाही; देशात अशी 4 कोटींहून अधिक घरं असल्याचा अंदाज आहे. आत्याला क्रिकेट कळतं, नुसतं आवडतं असं नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती पुण्याला आमच्याकडे आली होती. एका एकदिवसीय सामन्याच्या दिवशी तिने आपणहून डीडी स्पोर्ट्स लावलं. तिथे वेगळाच कार्यक्रम चालू होता.

“अरे, ह्योच चॅनेल न्हवं? आमच्याकडं ह्याच्यावरच लागती मॅच.”

“हो आत्या, पण आपल्या इथे नाही लागत. आपली छत्री खासगी कंपनीची आहे.”

“मग तुमी तर पैसं भरताय.”

मी तिला समजावून सांगितलं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार प्रसार भारतीला मिळणारं प्रक्षेपण फक्त तिच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवता येतं, खासगी केबल किंवा छत्रीवरून नाही, कारण तसं झालं तर हक्कदाराची वाहिनी कोण विकत घेईल? कायद्याच्या शब्दांप्रमाणे तो निकाल बरोबरच आहे, आणि मी तो उचलून धरला होता. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी भारताची मॅच बगायला मी गावालाच ऱ्हायला पायजे हुतं.” मी दुसरी वाहिनी लावून दिली. पण दिवसभर मला स्वतःचंच स्पष्टीकरण पटत नव्हतं. पैसे भरणाऱ्याला अधिक मिळावं, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं भांडलो. आणि इथे तर पैसे भरणाऱ्या घरात, त्याच नावाच्या वाहिनीवर, तोच सामना मुद्दाम बंद ठेवलेला.

त्यानंतर मी 1995 चा निकाल पुन्हा वाचायला घेतला, या वेळी सगळा. मी ज्याला बाजार उघडणारा निकाल म्हणत होतो, तो मुळात वेगळंच सांगतो. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे, हा त्याचा पाया. अभिव्यक्तीच्या हक्कात प्रेक्षकाचा पाहण्याचा, माहिती मिळवण्याचा हक्कही येतो. मक्तेदारी सरकारची वाईट तशी मूठभर खासगी हातांतलीही वाईट, ही चिंता त्यात जागोजागी आहे. न्यायमूर्ती सावंतांनी दूरदर्शनच्या हातून किल्ली काढून घेतली ती कुणा कंपनीला देण्यासाठी नव्हे. प्रेक्षकाला त्यांनी मध्यभागी ठेवलं होतं. माझ्या सारांशात तो वर्गणीदार होऊन बसला.

इंग्लंडचं उदाहरण माझ्या समोर कायम होतं, पण मी ते फक्त पैशाच्या बाजूने वाचत असे. तिथे राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांची एक संरक्षित यादी आहे, हे सामने फुकट वाहिनीवर दिसलेच पाहिजेत अशी. 1998 मध्ये घरच्या कसोटी सामन्यांचं त्यातलं पूर्ण संरक्षण काढून घेतलं गेलं. 2005 ची ॲशेस चॅनेल 4 वर विनामूल्य दिसली आणि ट्रेंट ब्रिजच्या कसोटीच्या शेवटी 84 लाख लोक पाहत होते. पुढच्या हंगामापासून सगळं स्काय या सशुल्क वाहिनीकडे गेलं. 2009 मध्ये इंग्लंडने ॲशेस पुन्हा जिंकली तेव्हा सर्वाधिक प्रेक्षक होते सुमारे 19 लाख. मंडळाची तिजोरी भरली, संघ चांगला झाला, आणि मधल्या काळात वाढलेल्या मुलांच्या एका मोठ्या गटाने आपल्या देशाचं क्रिकेट घरबसल्या पाहिलंच नाही. 2019 चा विश्वचषक अंतिम सामना स्कायने स्वतःहून चॅनेल 4 ला वाटून दिला, तेव्हा सगळा देश पुन्हा एका सामन्यासमोर बसला. क्रिकेटला जन्म देणाऱ्या देशात हे झालं. आपल्याकडे क्रिकेटला काही होणार नाही, असं म्हणणाऱ्यांना हॉकी आठवत नाही.

आता आपल्या कायद्याचं पाहा. तो प्रसार भारतीच्या मनोऱ्यांवरचं आणि छत्रीवरचं प्रक्षेपण एवढ्यापुरताच आहे. त्यातले जवळजवळ सगळे जुने मनोरे 2022 पर्यंत बंद झाले. छताच्या अँटेनावर सामना पाहणारं घर आता जवळजवळ उरलेलं नाही. आणि मोबाइल, जिथे कोट्यवधी लोक सामने पाहतात, त्याचा कायद्यात उल्लेखच नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये अशाच आपल्या जुन्या कायद्याची कक्षा इंटरनेटवरच्या कंपन्यांपर्यंत वाढवली. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने स्वतःचं वेव्हज हे ॲप सुरू केलं. म्हणजे पडदा तयार आहे. त्यावर भारताचा सामना दाखवण्याचा हक्क तेवढा कायद्याने द्यायचा राहिला.

माझे जुने सहकारी विचारतात, हक्कांची किंमत पडली तर महिलांचं मानधन, रणजीचे पैसे कुठून येणार? प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर मी टाळत नाही. आयपीएल विका, महिलांची लीग विका, पूर्ण किमतीला विका. ती करमणूक आहे आणि तिची वर्गणी मी आनंदाने भरीन. भारताच्या सामन्यांतही अधिक स्पष्ट चित्र, वेगळे कॅमेरे, हवी ती भाषा, मागे जाऊन पाहायची सोय, हे सगळं सशुल्क ठेवा. साधं चित्र मात्र सर्वांना, आणि जाहिरातींचं उत्पन्न आजच्यासारखं वाटून. 2023 मध्ये भारतातल्या 88 सामन्यांचे हक्क 5,963 कोटींना गेले, त्या लिलावात ही अट असती तर बोली कमी आली असती, हे मान्य. आयपीएलच्या 48,390 कोटींच्या शेजारी ती घट मंडळाला झेपणारी आहे. खटावकडे यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला तिकीट नसतं. इनामाचे पैसे गाव वर्गणीतून उभे करतं, ज्याची ऐपत असेल तो जास्त देतो, आणि पाहायला माळ सगळ्यांना मोकळा असतो. एवढ्या मोठ्या मंडळाला ही रीत अवघड जाऊ नये.

कबड्डीबद्दल माझं मत अजून ठरत नाही. तिला पैसा हवा आणि प्रेक्षकही, आणि दोन्हींपैकी आधी काय, याचं उत्तर मला क्रिकेटच्या अनुभवावरून देता येत नाही.

क्रिकेटपुरतं मात्र वेळेचं भान ठेवायला हवं. आयसीसीच्या स्पर्धांचा भारतातला करार 2027 मध्ये संपतो. आयपीएलचाही 2027 च्या हंगामानंतर. मंडळाच्या घरच्या सामन्यांचा मार्च 2028 मध्ये. तिन्ही मोठे लिलाव लागोपाठ येणार, आणि एकदा निविदा निघाली की पुढची चार-पाच वर्षं कुणाला काही बदलता येणार नाही. कायद्यात मोबाइलचा पडदा आणायचा तो त्याआधी. निविदेत विनामूल्य प्रक्षेपणाची अट घालायची तीही त्याआधी. 2007 मध्ये मी या मागणीच्या विरोधात लिहिलं होतं. या वेळी माझ्या खासदारांना आणि मंडळाला पाठवायच्या पत्रात तीच मागणी, नागपूरच्या त्या सामन्यासह, मी स्वतः लिहिली आहे.